अल्विनचे कान

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी मी टॅनरी तळ्यावर सगळ्यांच्या आधी पोचले, कारण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. पालिकेची बाई येणार होती. तळ्याचं आता रीतसर राखीव क्षेत्र व्हायचं होतं. लाकडी पूल होणार, फलक लागणार, आणि दर महिन्याची फेरी नि पक्ष्यांची मोजदाद यापुढे कुणी करायची, तेही पालिकाच ठरवणार.

ही फेरी एकोणीस वर्षं मी चालवत आले होते. तळ्यात मोडक्या सायकली आणि सुपरमार्केटच्या ढकलगाड्या बुडालेल्या असायच्या आणि न्यूकॅसलमधलं कुत्रंही इकडे फिरकत नसे, तेव्हापासून. एका बाजूला कोळशाच्या गाड्यांचा रूळ, दुसऱ्या बाजूला फुटबॉलचं मैदान, आणि मधे हे पाणी. शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या बाईला एवढं राज्य पुरेसं होतं. माझा नवरा मर्व गेला त्यानंतर तर महिन्याचा हा एक शनिवार सोडला तर अंथरुणातून उठायला मला दुसरं निमित्तच उरलं नव्हतं. तो शनिवारही आता कुणीतरी तपासून बघणार, या विचाराने माझं डोकं फिरलं होतं.

थोड्या वेळाने अल्विन सायकलवरून आला. त्याच्या हेल्मेटमधून प्लास्टिकच्या पट्ट्या साळिंदरासारख्या उभ्या होत्या. इथे ऑक्टोबर म्हणजे वसंत, आणि वसंतात काळे-पांढरे मॅगपाय पिल्लांपायी चवताळतात आणि सायकलवाल्यांच्या डोक्यावर झडप घालतात, त्यावरचा हा उपाय.

"चोच बसली की नाही आज?" मी विचारलं.

"दोनदा. ह्या वर्षीचा नर फार तापट आहे. तुझ्यावर गेलाय." त्याने हेल्मेट काढून आपली जुनी कापडी टोपी घातली. "झोपली नाहीस वाटतं. अगं, कशाला एवढी घाबरतेस? मी आहे ना."

मी आहे ना. गेली दोन वर्षं मी ह्या तीन शब्दांवर उभी होते.

माणसाचे कान सगळेच्या सगळे एकदम जात नाहीत. आधी वरचे स्वर जातात. मला बोलणं ऐकू येतं, गाड्या ऐकू येतात, बदकांचा गोंगाट ऐकू येतो. पण दोन वर्षांपूर्वी एका सकाळी अल्विन म्हणाला, "किती कर्कश ओरडतोय बघ हा वटवट्या," आणि मी दुर्बिणीतून बघितलं तर समोर काडीवर बसलेल्या पक्ष्याची चोच उघडत होती, मिटत होती, गळा थरथरत होता, आणि आवाज नव्हता. मी गाडीत जाऊन रडले. कानात घालायची यंत्रं घेतली, पण तळ्यावर त्यांत नुसता वारा घोंघावतो आणि बारीक आवाजांची टिकटिक होते, पक्षी कुठला ते कळत नाही. ती यंत्रं गाडीच्या खणात पडून असतात.

आमच्या मंडळींत एक रीत आहे. आवाजावरून पक्ष्याचं नाव घ्यायचं तर तो स्वतःच्या कानांनी ऐकलेला हवा, आणि फेरी चालवणाऱ्याने नाव घेतलं की बाकीच्यांनी ते मान्य करायचं. माझ्याआधी गस नावाचा म्हातारा फेरी चालवायचा. एक दिवस त्याला बारीक आवाज येईनासे झाले, तेव्हा त्याने त्याच सकाळी चहाच्या वेळी सांगून टाकलं आणि फेरी माझ्या हाती दिली. मीही तेच करणार होते. अल्विनने करू दिलं नाही. त्याच्यापाशीच तर मी आधी बोलले होते. आमचा दोघांचा तीस वर्षांचा दोस्ताना. मर्वपेक्षाही जास्त पहाटा मी अल्विनबरोबर चिखलात काढल्यात.

"वेडी आहेस का?" तो तेव्हा म्हणाला होता. "हे तळं तुझ्याएवढं कुणाला कळतं? तू सोडलंस तर सगळं बंद पडेल. कान माझे वापर. मी ऐकतो, तू नाव घे."

अल्विनचे कान म्हणजे देवाची देणगी. सत्तरी ओलांडली तरी वटवाघळं ऐकू येतात असं तो सांगतो आणि ते खोटं नसावं. आम्ही खुणा ठरवल्या. टोपीची कड धरली की सोनेरी डोक्याचा वटवट्या. कॉलर चाचपली की छोटा गवतपक्षी. दुर्बिणीचा पट्टा ओढला की चिमुकली निळी रेन. मान ज्या बाजूला कलेल, ती दिशा. दोन वर्षं कुणाला संशय आला नाही. मी जरा थांबायचे, कान दिल्यासारखं करायचे आणि नाव घ्यायचे. आम्ही काही फसवत नव्हतो, असं मी स्वतःला सांगायचे. पक्षी तर खराच होता. फक्त तो एकाच्या कानात शिरून दुसऱ्याच्या तोंडातून बाहेर पडत होता.

हळूहळू आमची नेहमीची दहा-बारा डोकी जमली, सगळी साठीच्या पुढची. नोएलीन डबाभर खजुराचे स्कोन घेऊन आली. मग पालिकेची बाई आली. टेगन तिचं नाव. तिशीची असेल. बूट कोरे करकरीत, पण दुर्बीण चांगली वापरलेली, आणि हातात फोन, तो आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सांगतो तसला. मी तिच्यावर नाराज व्हायचं ठरवून आले होते, पण पोरगी बोलायला साधी निघाली.

"ग्लेनिस, तुमच्याबद्दल खूप ऐकलंय," ती म्हणाली. "माझ्याकडे लक्ष देऊ नका. रोजच्यासारखी फेरी काढा."

म्हटलं, बघच तू आता.

आणि खरं सांगते, ती सकाळ मी गाजवली. पाण्यावर काळ्या हंसांचं जोडपं राखाडी पिल्लं घेऊन चाललं होतं. टिबुकल्या बुडत होत्या, निघत होत्या. पलीकडच्या काठावर चमचे पक्षी चपट्या चोचींनी ओळीने पाणी ढवळत होते आणि त्यांच्यात एक वाकड्या चोचीचा आयबिस कुठूनसा पावाचं रिकामं पाकीट घेऊन आला होता.

"आलं बघा आपलं कचराकुंडीचं कोंबडं," नोएलीन म्हणाली.

"त्याला नावं ठेवू नकोस," मी म्हटलं. "गावातली सगळी झाकणं त्याला उघडता येतात. तुझ्या नवऱ्याला एक येत नाही."

कागदी सालीच्या झाडांत मी टेगनला एका फांदीकडे बघायला सांगितलं. ती बराच वेळ बघत राहिली, तिला मोडका खुंट दिसत होता. मग त्या खुंटाने एक डोळा किलकिला केला. बेडूकतोंड्या, दिवसाचा झोपलेला. टेगनने तोंडावर हात ठेवला. मागच्या वर्षीही त्याच फांदीवर होता, मी सांगितलं, आणि त्याची मादी पलीकडच्या झाडावर असते. होतीच.

पक्षी न्याहाळायच्या पहिल्या लपणापाशी अल्विनने कॉलर चाचपली, मान डावीकडे कलली. मी थांबले. "छोटा गवतपक्षी," मी म्हटलं. "डावीकडे, पाणकणसांत." टेगनने मान हलवली, तिच्या फोननेही तेच नाव दाखवलं. मला इतकं हलकं वाटलं की नोएलीनच्या डब्यातला एक स्कोन चहाआधीच मटकावला.

मग आम्ही मैदानाच्या बाजूने वळलो. तिथे कुंपणालगत गुडघाभर गवताचा पट्टा असतो, वटवट्यांची हमखास जागा. त्या दिवशी पट्टा नव्हता. आठवड्यात कधीतरी यंत्र फिरवून सगळं गवत कापून टाकलं होतं, पिवळे खुंट तेवढे उरले होते. मला ते दिसलं. माझे डोळे शाबूत आहेत. कापलेल्या गवतात वटवट्या कशाला येईल, हा विचार माझ्या मनात आला असता, यायला हवा होता. पण तेवढ्यात अल्विनने टोपीची कड धरली आणि मान उजवीकडे कलवली.

मी जरा थांबले. कान दिल्यासारखं केलं.

"सोनेरी डोक्याचा वटवट्या," मी म्हटलं. "उजवीकडे, कुंपणापाशी." आणि मग सकाळ इतकी छान चालली होती म्हणून पदरचं घातलं, "दोन असावेत."

टेगन मान वाकडी करून ऐकत होती. तिने फोनकडे पाहिलं, मग कापलेल्या गवताकडे.

"मला नाही ऐकू आला," ती हळूच म्हणाली. "अल्विन, तुम्हाला?"

अल्विन शर्टाच्या टोकाने दुर्बिणीची काच पुसत होता. पुसतच राहिला.

"नाही," तो म्हणाला. "मला काहीच नाही ऐकू आलं."

आधी मला वाटलं, त्याचीच चूक झाली असेल, हात चुकून टोपीला लागला असेल. तो आता काहीतरी बोलून सावरून घेईल. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"उडून गेला असेल," नोएलीन म्हणाली. "मला तर दहा वर्षांत काही ऐकूच आलेलं नाही, बाई. मी आपली तुमच्या मागून चालते आणि स्कोन वाटते."

कुणीतरी हसलं.

"ग्लेनिस," टेगन म्हणाली. आवाज मऊ होता, डॉक्टर काढतात तसला. "आत्ता ह्या क्षणी काय काय ओरडतंय, सांगाल?"

मी उभी राहिले. रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येत होत्या. नोएलीनला दम लागला होता, तो श्वास ऐकू येत होता. लांब कुठेतरी पाणकोंबडी किंचाळली, पण तिच्याबद्दल कुणी विचारत नव्हतं. मी अल्विनच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात खिशात होते.

त्या खिशांकडे मी किती वेळ बघत होते कोण जाणे. सगळ्यांनी मला तसं बघताना पाहिलं.

"तीन पक्षी ओरडताहेत," टेगन म्हणाली. "मला खरंच वाईट वाटतंय. तुम्हाला असं सगळ्यांसमोर विचारायला नको होतं. पण अल्विन म्हणाले होते, की नेमणूक करण्याआधी एकदा ऐकण्याची खात्री करून घ्या."

सगळे पुढे सरकले. चहाची मांडवी पुढेच होती आणि अशा वेळी चहाकडे पळणं सोपं असतं. मी अल्विनची बाही धरली आणि त्याला दुसऱ्या लपणात ओढलं. लाकडी खोली, पाण्याकडे एक लांब फट, बसायला फळी. ह्याच फळीवर बसून आम्ही खुणा ठरवल्या होत्या.

"खोटी खूण केलीस," मी म्हटलं.

"आवाज खाली ठेव."

"का, तुझ्या कानांना लागतोय?"

तो फळीवर बसला. "तिने मला विचारलं, ग्लेनिस. फेरी कुणी चालवावी म्हणून. काय सांगणार होतो मी? बहिरी बाई चालवेल, मी शेजारी उभा राहून टोपी हलवेन?"

"हेच तू दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतंस. ह्याच शब्दांत नाही, पण हेच. मी सोडत होते. तू सोडू दिलं नाहीस."

"तेव्हा मर्व आजारी होता. तुझ्याकडून आणखी काही काढून घ्यायला माझं मन झालं नाही. वाटलं, सावरलीस की आपणहून सोडशील. तू कुठली सोडतेस. तुला आवडायलाच लागलं ते." तो आता माझ्याकडे बघून बोलत होता. "दोन वर्षं मी ऐकतोय आणि नाव तू घेतेस. लोक म्हणतात, काय कान आहेत ग्लेनिसचे. मी शेजारी उभा असतो. कधी एकदा तरी म्हणालीस, की अल्विनने ऐकलं?"

त्यात तथ्य होतं, आणि त्यामुळेच मला त्याचा जास्त राग आला. "मग मला म्हणायचंस," मी म्हटलं. "ह्या फळीवर बसून म्हणायचंस, की ग्लेनिस, आता मला हवंय. मी दिलं असतं. चहाच्या वेळी सगळ्यांसमोर दिलं असतं, गसने मला दिलं तसं. तू माझ्याकडून ते मागून घेऊ शकला असतास. तू केसाने गळा कापलास."

फटीतून पाणी दिसत होतं आणि पाण्यावर एक पेलिकन उतरत होता. मी त्याच्याकडे बघत होते, पण डोकं दुसरीकडेच चाललं होतं. ज्याने आज खोटी खूण केली, त्याने आधीही केली असेल का? दोन वर्षं प्रत्येक बारीक पक्षी मी ह्याच्या शब्दावर घेतला होता. एकेक सकाळ आठवायला लागले, आणि आठवत आठवत एका सकाळपाशी येऊन अडले.

मर्वला आयुष्यभर ह्या तळ्यावर एकच पक्षी बघायचा होता, इमू-रेन. अंगठ्याएवढा जीव, शेपूट इमूच्या पिसांसारखं विरळ, आणि आवाज इतका बारीक की चांगल्या कानांनाही चकवतो. "ह्या गवतात तो आहे, मला माहीत आहे," मर्व म्हणायचा, आणि आम्ही सगळे त्याची टर उडवायचो. इथे तो कुणाला दिसला नव्हता, कुणी ऐकला नव्हता. मागच्या वर्षी मर्वची राख आम्ही तळ्याच्या पूर्वेच्या गवतात सोडली. सगळी मंडळी होती. मी रिकामा डबा हातात घेऊन उभी होते, आणि अल्विन माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "इमू-रेन, ग्लेनिस. डावीकडे. ओरडतोय." मी ते सगळ्यांना सांगितलं. नोएलीन हुंदके देऊन रडली. आम्ही त्याला मर्वचा पक्षी म्हणू लागलो. मी वर्षभर त्या पक्ष्यावर जगले. रिकाम्या घरात रात्री पडल्या पडल्या मी मर्वला सांगायचे, तुझंच खरं निघालं.

"अल्विन," मी म्हटलं. "मर्वच्या दिवशीचा इमू-रेन?"

तो लगेच बोलला असता तर मी विश्वास ठेवला असता, काहीही बोलला असता तरी. पण तो थांबला. मग त्याने माझ्या हातावर हात ठेवला. त्याचा चेहरा अगदी प्रेमळ झाला होता.

"ते तुझ्यासाठी केलं होतं," तो म्हणाला. "तू तो डबा घेऊन अशी उभी होतीस, मला बघवेना."

मी हात काढून घेतला. मघाचा अपमान मी कधी ना कधी गिळला असता. म्हातारपणी माणसाला गिळायची सवय होते. पण ह्याने मर्वला खोटा पक्षी दिला होता, माझ्या तोंडून दिला होता, आणि त्यात आपण काहीतरी चांगलं केलं असं त्याला आजही वाटत होतं. एवढा राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता.

मांडवीत चहा ओतून झाला होता. फेरी संपली की चहाबरोबर आमच्यात पुकारा होतो. चालवणारा एकेका पक्ष्याचं नाव घेतो, ज्यांनी पाहिला किंवा ऐकला ते "हो" म्हणतात, आणि त्यावरून दिवसाचा आकडा ठरतो. मी आत शिरले. टेगन उठली. "ग्लेनिस, पुकारा आज हवं तर मी—"

"शेवटचा मला करू दे," मी म्हटलं.

मी उभी राहून नावं घेतली. काळा हंस. हो. टिबुकली. हो. चमचा. हो. बेडूकतोंड्या. सगळे नेहमीपेक्षा मोठ्याने हो म्हणत होते, आजाऱ्याला बरं वाटावं म्हणून बोलतात तसं. बारीक आवाजाच्या पक्ष्यांपाशी आले तेव्हा म्हटलं, "हे मी ऐकलेले नाहीत. मला दोन वर्षांपासून ऐकू येत नाहीत. जे ऐकले ते अल्विनने ऐकले. हे मी आधीच सांगायला हवं होतं." ते बोलायला मला वाटलं होतं त्याहून सोपं गेलं. नोएलीनने माझा दंड थोपटला.

"आता आणखी एक," मी म्हटलं. "मागच्या वर्षीचा इमू-रेन. तो माझ्या नावावर आहे. तोही मी ऐकलेला नाही."

टेगनचा कप तोंडापाशीच थांबला. "पण इथली त्याची तेवढी एकच नोंद आहे. नव्या फलकासाठी आम्ही तोच पक्षी निवडलाय. चित्रही काढून झालंय."

"मला अल्विनने कानात सांगितलं आणि मी नाव घेतलं. तेव्हा माझं नाव काढून टाका, आणि त्याने ऐकला होता का ते त्याला विचारा."

अल्विन मांडवीच्या खांबाला टेकून उभा होता. मी त्याच्याकडे पाहत राहिले. त्याला फक्त एक शब्द बोलायचा होता, नाही. त्या एका शब्दाने त्याची नेमणूक गेली असती, हे मला कळत होतं. पण आमची तीस वर्षं त्यात परत आली असती. मी तिथल्या तिथे त्याला सगळं माफ केलं असतं, टोपीची कडसुद्धा. माझ्या चेहऱ्यावर ते दिसत असणार. त्याला माझा चेहरा वाचता येतो.

त्याने कप टेबलावर ठेवला.

"ऐकला होता," तो टेगनला म्हणाला. "स्पष्ट. दोनदा ओरडला."

टेगनने सुटकेचा श्वास सोडला. "देवाची कृपा. मग ती नोंद तुमच्या नावावर करते, चालेल?"

"करा," अल्विन म्हणाला.

मी तोंड उघडलं होतं. आत्ताच, त्या लपणात, मला हा म्हणाला की तो पक्षी नव्हताच, एवढं सांगायचं होतं. पण कुणाला सांगणार होते मी? अर्ध्या तासापूर्वी कापलेल्या गवतात दोन वटवटे ऐकणारी बाई. माझ्या समोर दहा-बारा चेहरे होते, सगळे मायेचे, आणि त्यांतला एकही माझ्या शब्दावर आता उभा राहिला नसता. अल्विनला हे माहीत होतं. म्हणूनच तो इतक्या शांतपणे करा म्हणाला. फेरी तर त्याने नेलीच होती, आता मर्वचा पक्षीही नेला.

नोएलीन माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरून आले होते. तिने माझे दोन्ही हात हातात घेतले.

"ऐकलंस ना?" ती म्हणाली. "म्हणजे मर्वचा पक्षी खराच होता, बाई. अल्विनच्या कानांनी ऐकलेला. आता तर कुणाला शंकाच नको."

अल्विन पलीकडे टेगनला पूर्वेचं गवत कुठे आहे ते हाताने दाखवत होता.

"हो," मी नोएलीनला म्हणाले. "खराच होता."